तीन महिने गप्प

बाबांच्या तोंडात आता एकच शब्द उरला आहे, आणि तो 'चालेल' आहे. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात पडद्यांचा रंग, ताईची नोकरी, माझं लग्न, शेजाऱ्यांची गाडी लावायची जागा यांपैकी कशालाही पहिल्या फटक्यात 'चालेल' म्हटलं नाही, त्याच्याकडे मेंदूत अडकलेल्या रक्ताच्या एका गुठळीनं नेमका हाच शब्द शिल्लक ठेवला. पाणी हवं, चालेल. उशी नको, चालेल. ताई डॉक्टरांची उलटतपासणी घ्यायला लागली की दात आवळून, चालेल. सूर ओळखायचा आणि अर्थ लावायचा. आईला ते बऱ्यापैकी जमतं. लग्नापासून ती बाबांच्या शब्दांपेक्षा त्यांच्या सुरावरच संसार चालवत आली आहे.

मी कुलपं बनवतो. लोखंडाची नाहीत. लोकांना जे कुणाला दाखवायचं नसतं ते फोनमध्ये ठेवण्यासाठी आमच्या कंपनीनं एक तिजोरी केली आहे. म्हणायला अ‍ॅप, पण तिच्या आतल्या कड्या-कोयंड्यांपैकी बरेच माझ्या हातचे. 'आम्हालाही उघडता येत नाही' अशी आमची जाहिरात आहे, आणि जाहिरातीच्या धंद्यात दुर्मीळ गोष्ट म्हणजे ती खरी आहे.

बाबांना ती तिजोरी मीच घेऊन दिली होती. मुलानं केलेली वस्तू बापानं वापरावी, एवढाच हेतू. समोर बसवून शिकवलं. पासवर्ड लांबलचक घ्या, चांगलं वाक्यच्या वाक्य घ्या, कुठं लिहू नका, मलाही सांगू नका. अंगठ्याचा ठसा मी मुद्दाम बंद करून टाकला.

"झोपलेल्या माणसाचा अंगठा कुणीही टेकवू शकतं," मी समजावलं.

"कुणीही म्हणजे मी," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"कुणीही म्हणजे कुणीही, आई."

आई काही विसरत नाही. ती फक्त वसुलीची वेळ निवडते.

बाबांनी सगळं तंतोतंत पाळलं. त्याआधी त्यांनी माझं काहीच कधी तंतोतंत पाळलं नव्हतं, त्यामुळे मला तेव्हा फार बरं वाटलं. संध्याकाळी खिडकीपाशी बसून ते टॅबलेटवरच्या त्या तिजोरीत काहीतरी करत, कुणी जवळ आलं की पालथा घालत. आई त्याला 'ह्यांची पूजा' म्हणायची. ताई म्हणायची, दुसरं घर असेल. हसण्यावारी जायचं सगळं.

आता ह्या तिजोरीतली एक सोय सांगायला हवी, कारण सगळी भानगड तिचीच आहे. माणूस मेला की त्याची तिजोरी कायमची बंद, मग आतल्या घरच्यांच्या फोटोंचं काय, असं ग्राहक विचारायला लागले. तेव्हा मी वारसाची सोय लिहिली. प्रत्येकानं एक नाव द्यायचं. तीन महिने माणूस आत आला नाही, की तिजोरी त्या नावाच्या माणसासाठी उघडते. त्याआधी मूळ मालकाला सूचना जातात, 'बरेच दिवस दिसला नाहीत! आहात ना?' हे गोड वाक्यही माझंच. खाली एक मोठं बटण, 'मी आहे'. ते दाबलं की पासवर्ड विचारायचा, म्हणजे भलत्यानंच दाबलेलं चालायचं नाही.

ही सोय आम्ही कसून तपासली होती. तपासायला आमच्याकडे खोटी माणसं असतात, बनावट नावांची. त्यांतली काही रोज आत येत, काहींना आम्ही रोज मारत असू. सोय दोन्हींवर बिनचूक चालली. आजारी मात्र त्यांच्यात कुणीच नव्हतं. आम्ही सगळे हट्टेकट्टे लोक. आमच्या हिशेबात माणूस एक तर टाइप करतो, नाही तर मेलेला असतो.

बाबांचा वारस म्हणून आईचं नाव मीच भरलं होतं. "आईचं टाकू ना?" मी विचारलं, आणि ते "हं" म्हणाले. तो 'हं' सामना बघत असलेल्या माणसाचा होता, हे मी तेव्हा जमेस धरलं नाही.

दवाखान्यातून आणल्यावर बाबांचा पलंग बाहेरच्या खोलीत, खिडकीला लावला. उजवी बाजू गेलेली, डावा हात चालतो. आल्यापासून त्यांचं लक्ष टॅबलेटवर. हातात दिला की बघतात, तिजोरीच्या चित्रावर बोट ठेवतात, मग पासवर्डच्या रिकाम्या चौकोनाकडं बघत राहतात, आणि शेवटी टॅबलेट पालथा. वाचा शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की वाचलेलं त्यांना बरंचसं कळतं. शब्द बाहेर येत नाहीत, तोंडातूनही नाहीत आणि बोटातूनही नाहीत.

"त्यांना आतलं काहीतरी आपल्याला दाखवायचंय," ताई म्हणाली. ताई बँकांना कर्जवसुलीचे सल्ले देते. कुठल्याही बंद दारामागं काहीतरी थकलेलं आहे, असं तिला आपोआप वाटतं. "तू बनवलंयस ना? मग उघड."

"उघडत नाही. तेच तर बनवलंय."

"म्हणजे घरात सुतार, आणि घरातलंच कपाट अडलंय."

"ताई, ते उघडता आलं असतं तर ते कुलूपच नसतं."

"हे तू आम्हाला सांगू नकोस, त्यांना सांग. बघ कसे तळमळतायत."

तळमळत होतेच. मग मी, आपला जीव सुटावा म्हणून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "थोडं थांबा. तीन महिने होतच आलेत. येत्या काही दिवसांत ते आपोआप आईसाठी उघडेल."

"माझ्यासाठी?" आई हात पुसत बाहेर आली.

"तुझं नाव आहे तिथं."

आईच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला आनंद म्हणता येणार नाही. बऱ्याच जुन्या थकबाकीदारानं स्वतःहून दार वाजवावं, तसं काहीतरी. बाबा पलंगावरून म्हणाले, "चालेल. चालेल. चालेल." ताई म्हणाली, बघा, किती बरं वाटलं त्यांना.

त्या दिवसापासून बाबांनी जेवण टाकलं. घास फिरवायचे आणि बाहेर काढायचे. डॉक्टर म्हणाले, होतं असं. मला घरात बसवेना आणि ऑफिसात काही सुचेना. जिना चढताना किल्ली हातात आणि खिशात शोधतोय, असं चाललं होतं.

रविवारी दुपारी आई आणि ताई औषधं आणायला गेल्या होत्या. टॅबलेट किणकिणला. 'बरेच दिवस दिसला नाहीत! आहात ना?' बाबांनी तो डाव्या हातानं मांडीवर ओढला आणि अंगठ्यानं 'मी आहे' दाबलं. पासवर्डचा चौकोन आला. ते त्याच्याकडं बघत राहिले. अंगठा अक्षरांवर फिरला, एका अक्षरावर टेकला, उचलला. थोड्या वेळानं चौकोन गेला. आम्हीच तशी मुदत ठेवली होती. त्यांनी परत बटण दाबलं. परत चौकोन. परत गेला. त्यांच्या हाताला ह्याची चांगली सवय झालेली दिसत होती.

आपला बाप 'मी आहे, मी आहे' म्हणतोय आणि आपण लिहिलेली चार ओळींची अट त्याला दर वेळी 'पुरावा?' म्हणतेय, हे बघत मी स्टुलावर बसलो होतो.

"बाबा, उघडायचंय का?"

"चालेल."

"की उघडायचं नाही?"

"चालेल." पण ह्या वेळी त्यांनी टॅबलेट माझ्याकडं वळवला. सूचनेच्या शेवटी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, तिजोरी कुणाकडे जाणार ते. तिथं आईचं नाव होतं. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. मग सबंध तळहात ठेवला, आणि ताटावर माशी बसू नये म्हणून झाकतात तसा तो तिथंच दाबून धरला.

मी म्हटलं, "आईला दिसायला नको?"

हात हलला नाही. डोळे माझ्यावर होते. बाबा माझ्याकडं असं शेवटचं कधी बघत होते ते आठवायला लागलं तर फार मागं जावं लागेल. काहीतरी मागण्यासाठी तर कधीच नाही.

आमच्या ऑफिसात एक जण आहे, त्याला आम्ही परंतु म्हणतो. कोणतीही नवी गोष्ट दाखवली की तो सबंध ऐकून घेतो आणि ह्या शब्दानं सुरुवात करतो. एका खात्यापुरता काही बदल करायचा तर दोन माणसांची मान्यता लागते. एक माझी, दुसरी त्याची.

"एका खात्याचं घड्याळ थांबवायचंय," सोमवारी मी त्याला म्हणालो.

"ग्राहकानं मागितलंय?"

"त्याला बोलता येत नाही. हात ठेवून सांगितलं."

"कशावर हात?"

"वारसाच्या नावावर."

परंतुनं खुर्ची वळवली. "तुझे वडील."

"हो."

"परंतु," तो म्हणाला, आणि थांबला. त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं. "दोघांची मान्यता आपण का लावली, आठवतंय? आतलाच कुणीतरी घरच्याच्या खात्यात हात घालेल म्हणून. तो माणूस येईल तेव्हा त्याची झोप उडालेली असेल, आणि त्याचं कारण अगदी पटण्यासारखं असेल, हे तूच म्हणाला होतास. तुझं कारण मला पटलंय. म्हणून तर नाही म्हणतोय."

"माझे वडील जिवंत आहेत रे."

"ते मला माहितीय. यंत्राला हे कोण सांगणार? मुलगा. आणि उद्या दुसऱ्या कुणाचा मुलगा येऊन सांगेल की माझा बाप मेलाय. आपण ज्या चोरासाठी कुलूप केलं, तो ह्या क्षणी तू आहेस."

मला त्याचा राग यायला हवा होता. पण त्याच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो, शिवाय एवढ्या सभ्यपणे नाही.

मग कंपनीच्या वकीलबाई. त्यांच्या खोलीत एक रोप आहे, त्याला त्या कधी पाणी घालताना दिसत नाहीत, तरी ते मरायची हिंमत करत नाही.

"त्यांची संमती आहे का?" त्यांनी विचारलं.

"विचारलं तर चालेल म्हणतात."

"मग झालं की."

"ते सगळ्यालाच चालेल म्हणतात. उघडू का, चालेल. नको उघडू का, चालेल."

"म्हणजे आपल्या बाकीच्या ग्राहकांसारखेच." त्यांनी चष्मा काढला. "हे बघा, तीन महिन्यांची अट त्यांनी मान्य केलीय. तुमच्या शब्दावर आपण ती मोडली, तर उद्या वारस आपल्याला कोर्टात खेचेल. म्हणजे तुमच्या आई."

"खेचेलही," मी म्हणालो.

"रीतसर करायचं तर कोर्टाकडून त्यांच्यासाठी पालक नेमून घ्या. मग पालक सांगेल तसं करू."

"पालक कुणाला नेमतील?"

"पत्नीला. आणखी कुणाला?"

मी बाहेर येऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालायला लागलो. ज्या माणसापासून झाकायचं, त्याच माणसाच्या तोंडून कायदा बाबांचं म्हणणं ऐकणार होता. कायदा मूर्ख नव्हता, आमचा परंतु मूर्ख नव्हता, मीही नव्हतो. प्रत्येकानं आपापलं दार चोख लावलं होतं, आणि एक जिवंत माणूस मधल्या बोळात अडकला होता. आम्ही माणूस आहे की नाही हे विचारत होतो तरी कुणाला? घड्याळाला. इतक्या हुशार लोकांनी बसून, माणसाची चौकशी करायची तर माणसाकडं करतात, एवढं कसं विसरावं?

मी परंतुला हाताला धरून वकीलबाईंच्या खोलीत नेलं.

"एका खात्याचं नको. सगळ्यांचंच बदलू. तीन महिने झाले की लगेच उघडायचं नाही. आधी वारसाला विचारायचं, हा माणूस हयात आहे का? हो म्हटलं की तिजोरी बंद राहील, आणि तीन महिन्यांनी परत विचारायचं. नाही म्हटलं तरच उघडेल."

"परंतु, ज्याला आत जायचंय त्यालाच विचारणार? तो खोटं बोलला तर?" परंतुनं शंका काढली.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "बोलू दे की. खोटं लेखी असेल, आणि त्याच्या नावावर असेल. आज चुकून जिवंत माणसाची तिजोरी उघडली तर ते आपल्या अंगावर येतं. मग त्याच्या अंगावर जाईल." काहींचे डोळे लहान मुलांना बघून चमकतात. वकीलबाईंचे, जबाबदारी एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाताना बघून चमकतात. "हे आधीच का नाही केलं तुम्ही?"

"सगळ्यांना लागू?" परंतुनं परत विचारलं.

"सगळ्यांना. माझ्या बापालाही तेवढंच."

"मग चालेल," तो म्हणाला. त्या शब्दानं मी जरा दचकलोच.

बदल लिहायला वेळ लागला नाही, तो लोकांपर्यंत सोडायला लागला. तपासणीवाले म्हणाले पुढच्या खेपेत घेऊ. मी त्यांच्या टेबलांशी घुटमळायचो, नको असताना कॉफी आणून द्यायचो. त्यांच्या खोट्या माणसांत मी एक नवा माणूस घातला, जो मेलेला नाही आणि आतही येत नाही. "हा काय करतो?" एकानं विचारलं. "पडून असतो," मी म्हणालो. मुदत संपायच्या जरा आधी बदल सुटला.

पण खरं काम राहिलंच होतं. उत्तर आता आईच्या हातात होतं, आणि बाबांनी कशावर हात ठेवला ते तिला माहीत नव्हतं. न सांगता प्रश्न तिच्यापुढं टाकणं म्हणजे फसवणूक, आणि सांगणं म्हणजे काय, ते सांगितल्यावर कळलंच.

"माझ्या नावावर?" आई म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबांचा सदरा उलगडून तिनं त्याची परत घडी घातली. "नीट बघितलंस?"

"बघितलं."

"त्यांना काय कळतंय आत्ता," ताई म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय, गोंधळ होतो म्हणून. आई, तू उघड. कसले कागद असतील, कुणाला काही शब्द दिलेला असेल. उद्या आपल्यालाच निस्तरावं लागेल."

"कागद सगळे कपाटात आहेत, ताई, तूच लावलेस," मी म्हणालो.

"मग लपवायला काय आहे एवढं?"

"तेच तर," आई म्हणाली. "एवढ्या वर्षांत ह्यांचे मोजेसुद्धा मी शोधून दिले. माझ्यापासून झाकायला ह्यांच्याकडं उरलंय काय?" ती घडी घालायची थांबली. "बाई असेल का रे?"

"आई."

"असू दे, मी आपलं विचारतेय. असती तर एवढ्यात भेटायला आली असती." घड्यांचा गठ्ठा उचलून ती आत गेली, आणि कपाटाचं दार गरजेपेक्षा जोरात लागलं.

दोन दिवस ती बाबांशी कामापुरतं बोलली. बाबांचा सूर मला नवीनच ऐकू यायला लागला, खालचा, विचारल्यासारखा. "चालेल?" ती उशी सारखी करून आत जायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत होतो. आईचा फोन वाजला. तिनं चष्मा लावला आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्यानं वाचलं, "'आपले आप्त हयात आहेत का? होय. नाही. नाही निवडल्यास तिजोरी आपल्यासाठी उघडेल.' हे कुणी लिहिलं?"

"मी."

"असं विचारतात का कुणाला? जरा तरी वळण ठेवायचंस." तिनं फोनकडं पुन्हा बघितलं. "आणि नाही म्हटलं तर सगळं बघायला मिळणार."

"हो. पण ते खोटं ठरेल."

"ठरेल ते माझ्यावर ठरेल ना?"

"वकीलबाईंनी तशीच सोय केलीय."

ताई म्हणाली, "आई, नुसतं एकदा बघ आणि बंद कर. बाबांना कळणारही नाही."

बाबांना ऐकू सगळंच येत होतं. ते आईकडं बघत होते. डावा हात पांघरुणावर सपाट ठेवला होता, खाली काही नसताना.

आई फोन घेऊन गॅलरीत गेली. दार ओढून घेतलं. काचेतून तिची पाठ दिसत होती, आणि पाठीवरून काही कळायला मार्ग नव्हता. मी पंखा एकानं वाढवला, मग कमी केला. ताईनं मासिक उचललं आणि उलटं धरलं. माझ्या खिशातल्या फोनवर, ऑफिसातून, मला एका क्षणात कळलं असतं तिनं काय दाबलं ते. मी हात खिशापासून लांब ठेवायला म्हणून खिडकीचे गज धरले.

बऱ्याच वेळानं ती आत आली. स्टूल ओढून पलंगाला चिकटून बसली आणि फोन बाबांच्या डोळ्यांसमोर धरला. अजून काही दाबलेलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली. "नाही दाबलं तर मला सगळं मिळतं. बघू?"

बाबांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. एकुलता एक शब्द, तोही आला नाही.

आईनं त्यांचा डावा अंगठा धरला. मला वाटलं ती त्यांच्याकडून दाबून घेणार, आणि लेखी उत्तर वारसानंच द्यायचं असतं, असं काहीतरी माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण तिनं अंगठा नुसता धरून ठेवला आणि 'होय' स्वतःच्या बोटानं दाबलं. चांगलं जोरात, दाराची बेल वाजवल्यासारखं.

"आहेत म्हणून कळवलंय मी," ती म्हणाली. "तीन महिन्यांनी परत विचारणार आहेत म्हणे. तेव्हा मला खोटं पाडू नका."

ताईनं मासिक सरळ केलं. बाबांनी आईच्या हातातला अंगठा सोडवून घेतला नाही.

"चालेल," ते म्हणाले.